बारा सेकंद

लाईट गेली आणि भागुबाई चटईवरून उठायच्या आत परत आली. एक हात गुडघ्यावर, एक भिंतीला, अशी ती अर्धी उठलेली तशीच राहिली. डोक्यावरचा पंखा पुरता थांबलाही नव्हता. तो जरा रेंगाळला आणि पुन्हा फिरायला लागला. आतल्या खोलीत ऑक्सिजनच्या यंत्रानं एकदा लांबलचक किंचाळून घेतलं आणि मग काही झालंच नाही अशा थाटात आपली घरघर सुरू केली. मागच्या अंगणात, जिथं परवापर्यंत कढीपत्त्याचं झाड होतं तिथं, काहीतरी धडधडत होतं. ती धडधड जमिनीतून चटईत आणि चटईतून तिच्या तळव्यात येत होती. "आयतु अम्मा, झालं," हयवदन मागच्या दारातून ओरडला, "बारा सेकंद. मोजून बारा. आणि कुणी काही केलं नाही बघा." कुणी काही केलं नाही. भागुबाईचा उजवा हात तोवर सवयीनं कमरेला गेला होता, चावीवर. तिनं तो काढून घेतला. कुणाच्या घरात भलत्याच वस्तूला हात लागावा आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून माणसानं इकडंतिकडं पाहावं, तसं तिनं पाहिलं. कुणी बघितलं नव्हतं. आतल्या खोलीतून नवऱ्याचा, मल्लाप्पाचा खोकला आला, तेवढाच.

हयवदन रुमालानं हात पुसत स्वयंपाकघराच्या दाराशी आला. पन्नाशीचा, कपाळावर उभं गंध, जनरेटर बसवायला रोज के. आर. पुरमहून दोन तास धक्के खात येणारा माणूस. कानडीच बोलायचा, पण या घरात तीन दिवसांत त्याची कानडी जरा मराठीकडं झुकली होती. "कुणी काही केलं न्हाई म्हणजे काय," भागुबाई म्हणाली, "तूच घालवलास की करंट." "मी घालवला अम्मा, आणला पेटीनं. लाईट गेली की ती पेटी ओळखते, मशिनला उठवते, घर त्याच्यावर टाकते. लाईट आली की परत इकडं. माणसानं हात लावायचाच नाही." "पेटीला काय कळतंय आत कोण निजलंय ते?" हयवदन हसला. "कळत नाही तेच बरं अम्मा. तिला झोप येत नाही, राग येत नाही." चहा टाकायला म्हणून भागुबाई वळली ती शेगडीशी जरा जास्तच वेळ उभी राहिली. राग येत नाही हे त्याला कुणी बोलायला सांगितलं होतं? सहज बोलला असेल. आजकाल तिला सहज बोललेलंच टोचायचं. मुद्दाम बोललेल्याला तिच्याकडं उत्तर तयार असायचं.

अडीच वर्षं झाली मल्लाप्पा त्या खोलीत निजून होता. एकतीस वर्षं बोम्मसंद्र्याच्या एका ओतकामाच्या कारखान्यात त्यानं वाळूचे साचे भरले होते आणि ती वाळू, डॉक्टर म्हणाले, आता त्याच्या छातीत बसली होती. नाकात नळी, नळी यंत्राला, यंत्र भिंतीतल्या लाईटीला. जे. पी. नगरची लाईट उन्हाळ्यात तीन तीन तास जायची. जुना इन्व्हर्टर दिवे आणि पंखे ओढायचा, ते यंत्र जोडलं की मान टाकायचा. म्हणून कोपऱ्यात कमरेएवढा काळा सिलिंडर, आणि त्याची लोखंडी चावी भागुबाईच्या कमरेला, कपाटाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. लाईट गेली की घरभर तिच्या नावाचा पुकारा व्हायचा. "आई," नागराज ओरडायचा. तिचा लेक, कारखान्यात चाळीस माणसांवर साहेब, आणि सिलिंडरची चावी कुठल्या बाजूला फिरवायची हेच तो विसरायचा. "आत्ती," शिवलीला ओरडायची. सून हुशार, ऑफिसात इंग्रजीतून भांडणारी, पण सिलिंडर फुसकारला की ती दोन पावलं मागं. भागुबाई मात्र भांडी घासत असली तर तशाच राखेच्या हातानं यायची. आधी घराच्या बोळातला मेन स्विच पाडायचा. मग चावीचा एक फेरा, नळी यंत्रातून काढून सिलिंडरला, काचेच्या नळीतली गोळी दोनाच्या आकड्यावर, आणि शेवटी त्याच्या बोटावरच्या चिमट्यात ऑक्सिजनचा आकडा बघायचा. दुसरीपर्यंत शिकलेली ती. निपाणीजवळच्या त्या शाळेतली अक्षरं तंबाखूच्या वखारीत पानं निवडता निवडता पुसून गेली. आकडे तेवढे राहिले. "दोन शिकलेली माणसं घरात आणि जीव अडाणी बाईच्या कमरेला," ती शेजारणींना सांगायची, आणि सांगताना पदर उगाच नीट करायची.

मेन पाडायची सवय मात्र तिची नव्हती, मल्लाप्पाची. हे घर नवीन बांधलं त्या वर्षी लाईट गेली आणि येताना अशी उसळून आली की नवाकोरा फ्रीज जळून गेला. त्यानं तिला बोळात उभं केलं होतं, मनगट धरून तिचा हात त्या लाल दांडीवर ठेवला होता. "लाईट गेली की पहिलं हे पाडायचं. आली तरी पाच मिनिटं वर करायचं न्हाई. एवढं तरी डोस्क्यात राहील का? न्हाईतर तुला काय कळतंय." एवढं डोक्यात राहिलं होतं. झोपेतसुद्धा राहिलं होतं. त्या घरातली ती पहिली गोष्ट होती जी त्यानं तिला शिकवली आणि बहुतेक शेवटची. बाकी सगळं तुला काय कळतंय या तीन शब्दांच्या पलीकडच्या बाजूला. लेकाची शाळा, गावाकडची जमीन, पोरीला कुठं द्यायचं, त्या पोरीच्या बाळंतपणात काय झालं, कुठल्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. तिथंही तो तसंच म्हणाला होता. पोरगी राहिली नाही. कावेरी. भागुबाईला तेव्हा कळलं होतं, पोटावर हात ठेवल्याबरोबर कळलं होतं की मूल आडवं आहे. सांगितलंही होतं. पण ते सगळं आता बावीस वर्षांच्या तळाशी होतं आणि ती तिथं सहसा जायची नाही.

गेल्या चैत्रात मात्र गेली. दुपारचे चार. नागराज कामावर, शिवलीला कामावर, रस्त्यावर नारळवाल्याची हाकसुद्धा नाही. ती त्याच्या बोटाला चिमटा लावून बघत होती. "ब्याण्णव," ती म्हणाली, "काल चौऱ्याण्णव हुतं. डॉक्टरला फोन लावायला सांगू का नागराजला?" त्यानं हात ओढून घेतला. "सोड. तुला काय कळतंय." आणि तेव्हाच लाईट गेली. यंत्र किंचाळायला लागलं. तिनं जाऊन मेन पाडला, आली, सिलिंडरवर चावी चढवली आणि चावीवर हात ठेवून उभी राहिली. फिरवली नाही. का ते तिला आजही सांगता येत नाही. हात दुखत होता असं नाही, चावी अडकली होती असंही नाही. यंत्राचं किंचाळणं खोलीत मावत नव्हतं आणि तिच्या आत सगळं निवांत झालं होतं, दुपारी पाणी भरून ठेवल्यावर मोरी निवांत होते तसं. चिमट्यातला लाल आकडा तिला दिसत होता. ब्याण्णव. नव्वद. अठ्ठ्याऐंशी. हे तर कळतंय मला, ती मनात म्हणाली. पंच्याऐंशी. मल्लाप्पानं आधी तिच्याकडं रागानं पाहिलं, मग नवलानं, आणि मग त्याच्या डोळ्यांत असं काहीतरी आलं की जे पन्नास वर्षांच्या संसारात तिनं पाहिलं नव्हतं. त्यानं उशीवरून हात उचलला. तो हात दाखवत नव्हता, हुकूम करत नव्हता. तळवा वर होता. त्र्याऐंशी. तिनं चावी फिरवली. हवा फुसकारली, नळी जोडली, गोळी दोनावर. आकडा चढायला लागला तशी ती मोरीत गेली आणि नळ सोडून बसून राहिली.

त्या दिवसापासून मल्लाप्पा तिच्याशी चांगला वागायला लागला. यापेक्षा तो ओरडला असता, लेकाला सांगितलं असतं, ताट भिरकावलं असतं तर बरं झालं असतं. "जेवलीस का?" तो विचारायला लागला. "गुडघं कसं हाय?" औषध दिलं की "बरं" म्हणायला लागला. शिवलीला हसून म्हणाली, "आत्ती, मामांचं वय झाल्यावर प्रेम उतू चाललंय." भागुबाईनं तिला नको ते ऐकवलं आणि दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मान मिळाला होता. सगळा जन्म ज्याच्यासाठी जीभ परजून बसली तो मान आयता ताटात पडला होता, आणि तो कशाचा केलेला आहे हे ती एकटीच ओळखत होती. एकटीच की दोघं? हाच तो काटा. त्याला कळलं होतं का? की त्याला वाटलं, म्हातारी घाबरली, हात चालेना? माणूस मरता मरता वाचला की मऊ होतो म्हणतात, तसं असेल. ती त्याचं तोंड पुसताना त्याच्या डोळ्यांत शोधायची आणि तो डोळे मिटून घ्यायचा. मग दिवाळीनंतर एका रविवारी त्यानं नागराजला जवळ बसवलं आणि अडखळत सांगितलं, "ते जनरेटर बसवून घे. आपोआपचा. कारखान्यात हुता तसला." नागराज म्हणाला, "घेऊ की अप्पा. आईलाबी किती दगदग." "आपोआपचा बघ," मल्लाप्पा पुन्हा म्हणाला. आपोआपचा हा शब्द त्यानं दोनदा उच्चारला होता. भागुबाई दाराआड हरभरे निवडत होती. तिनं मोजलं होतं.

तीन दिवस काम चाललं. जुना इन्व्हर्टर काढला, कढीपत्ता उपटला गेला, तिथं सिमेंटचा ओटा झाला, त्यावर हिरव्या पत्र्याची ती जनरेटरची पेटी येऊन बसली, चार माणसांनी उचलून. बोळात मेनच्या शेजारी दुसरी, पांढरी पेटी आली, घर लाईटीवरून जनरेटरवर टाकणारी, तिच्यावर दोन दिवे, एक हिरवा एक तांबडा. चालू करायच्या आधी हयवदन अडून बसला. पूजेशिवाय तो नव्या यंत्राला हात लावत नसे. लिंबू, हळद, कुंकू, नारळ. "घरातल्या थोरल्या सुवासिनीच्या हातानं होऊ दे अम्मा," तो म्हणाला. शिवलीलानं तबक पुढं केलं. भागुबाईनं त्या थंड पत्र्यावर कुंकवाची पाच बोटं ओढली. पाचवं बोट ओढताना तिला वाटलं, हे परकं कपाळ मी माझ्याच हातानं भरते आहे. सुवासिनी. तो शब्द तिच्या बाबतीत त्र्याऐंशीपर्यंत खाली आला होता. "आई, आता सिलिंडर कशाला वाटेत," नागराज त्या संध्याकाळी म्हणाला, आणि सिलिंडर खोलीतून निघून जिन्याखाली गेला. फरशीवर गंजाचा गोल डाग राहिला. तिनं तो दोनदा घासला. चावी कुणी मागितली नाही. तिनंही दिली नाही.

खरी लाईट गेली ती रविवारी, सकाळी अकराला. नागराज गच्चीवर पाण्याची टाकी बघत होता, शिवलीलाचं डोक्यावरून न्हाणं चाललं होतं. भागुबाई भाकरी थापत होती. पंखा मंदावला, मिक्सरवरचा दिवा विझला, आणि पिठाचा हात तसाच घेऊन ती उठली. नंतर तिनं पुष्कळ वेळा आठवून पाहिलं, त्या क्षणी मनात काय होतं. काहीच नव्हतं. तव्यावरची भाकरी होती. पाय बोळात गेले, हात वर गेला, लाल दांडी खाली आली. मागं हिरव्या पेटीनं खाकरून धडधडायला सुरुवात केली, पांढऱ्या पेटीवरचा तांबडा दिवा लागला, आणि घर तसंच राहिलं. जनरेटर लाईट घेऊन दाराशी आला होता आणि तिनं दार लावून घेतलं होतं. पण हे तिला कळलं नाही. तिला वाटलं, पेटी चालली नाही. आतून यंत्र किंचाळत होतं. ती खोलीत गेली, हात कमरेला, चावी हातात आली, आणि ती कोपऱ्याकडं वळली. कोपऱ्यात गंजाचा डाग. ती चावी घेऊन उभी राहिली. जिन्याखाली जायचं, तिथून तो जड सिलिंडर कसा आणायचा, कुणाला हाक मारायची, आधी काय, हे सगळं एकदम डोक्यात आलं आणि त्यातलं काहीच पायांपर्यंत पोचेना. तिनं मल्लाप्पाकडं पाहिलं. तो तिच्याकडंच बघत होता. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण कशा दिसत असू. तीच खोली, तेच किंचाळणं, चावी हातात, आणि बाई उभी. बोटावरचा आकडा एक्क्याण्णव होता. एकोणनव्वद. "सिलिंडर न्हाई हो," ती म्हणाली, पण यंत्राच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू आलं नाही. "अहो, सिलिंडर नेलाय त्यानं." सत्त्याऐंशी. या वेळी त्यानं हात उचलला नाही. तो नुसता बघत राहिला, चुकलेल्या बसकडं माणूस बघतो तसा, रागावून नव्हे.

शिवलीला ओल्या केसांनी धावत आली, "आत्ती, काय झालं," आणि मग नागराज धडधडत जिना उतरला, मागं गेला, चालू जनरेटर बघितला, बोळात आला, आणि दांडी वर केली. दिवे, पंखा, मिक्सर, यंत्र, सगळं एकदम जागं झालं. तो खोलीच्या दारात आला तेव्हा त्याचा श्वास बापापेक्षा जास्त लागला होता. "मेन कुणी पाडला?" दांडीवर पिठाची चार बोटं उठली होती. त्यानं ती पाहिली असणार, कारण तो आईच्या हाताकडं बघत होता. "आई, हयवदननं तीनदा सांगितलं होतं. मेनला हात लावायचा न्हाई. पेटी आणते, तू तोडतेस. अप्पांचं काय झालं असतं?" भागुबाईच्या तोंडात पन्नास उत्तरं असायची. आता ती बोटांवरचं पीठ खरवडत राहिली. ती मल्लाप्पाकडं बघू शकत नव्हती. आणि मग उशीवरून, एकेका शब्दाला एकेक श्वास देत, तो म्हणाला, "मीच... सांगितलंतं... तिला." "काय सांगितलंतं?" "मेन... पाड म्हणून." नागराज गोंधळला. "कधी अप्पा?" मल्लाप्पानं डोळे मिटले. नागराजनं शिवलीलाकडं पाहिलं, शिवलीलानं हळूच कपाळाला बोट लावलं, म्हाताऱ्याचा तोल जातोय असं. ती दोघं बाहेर गेली. स्वयंपाकघरातून करपलेल्या भाकरीचा वास आला.

त्यानं खोटं सांगितलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, मनगट धरून, याच बोळात. पण खरंही सांगितलं नव्हतं, कारण आज तो काहीच बोलला नव्हता. तो तिला झाकत होता. आणि झाकायचं कशाला, काही उघडं असल्याशिवाय? भागुबाई खुर्चीच्या कडेवर बसली. आजचं तर चुकून होतं, देवाशपथ चुकून होतं, पिठाच्या हातानं झालेलं. आणि त्यानं नेमकं चुकून झालेलं ते पदराखाली घेतलं, चैत्रातलं समजून. आता त्याला कसं सांगायचं, की आजचं ते नव्हतं? तसं सांगायला चैत्रातलं ते होतं, असं आधी म्हणावं लागलं असतं. "अहो," ती म्हणाली. तो झोपला होता किंवा झोपल्यासारखा पडला होता. आकडा चौऱ्याण्णव होता. तिनं चावी जुडग्यातून काढली, जिन्याखाली जाऊन सिलिंडरच्या गळ्यात अडकवली, आणि परत येताना बोळातून जायचं टाळून अंगणातून वळसा घालून आली.

सोमवारी हयवदन परत आला, दोन तास धक्के खाऊन, जरा ओशाळलेला. मेनच्या दांडीवर त्यानं काचेसारखं झाकण बसवलं आणि त्याला छोटं कुलूप. "स्वल्प काम आहे अम्मा, रागावू नका. पुष्कळ घरांत होतं असं. जुनी सवय." खोलीच्या दारात उभं राहून त्यानं किल्ली वर धरली. "ही कुणाकडं?" नागराजनं हात पुढं केला. तेव्हा मल्लाप्पा आतून म्हणाला, "तिच्याकडं दे." सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. "तिच्याकडं दे. घरात... ती असते." हयवदननं किल्ली भागुबाईपुढं धरली. एवढीशी पितळी किल्ली, बाहुलीच्या पेटीची असते तशी. मल्लाप्पा तिच्याकडं बघत होता, आणि त्या बघण्यात भरवसा होता की विनवणी, हे तिला कळेना. आयुष्यभर तिला कळायचं. तो ते मानायचा नाही एवढंच. आज त्यानं मानलं होतं आणि आजच कळत नव्हतं. "शिवलीलाकडं दे," ती म्हणाली. आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "मला काय कळतंय त्यातलं." हयवदन हसला, "सरी अम्मा," आणि किल्ली शिवलीलाच्या हातावर ठेवली. मल्लाप्पानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

गुरुवारी दुपारी पुन्हा लाईट गेली. घरात दोघंच होती. भागुबाई पलंगाशेजारी बसून त्याच्या पायांना तेल लावत होती. पंखा मंदावला, यंत्र किंचाळलं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले, तळवे वर, तेलानं चमकणारे, त्याला दिसतील असे, आणि मोजायला लागली. एक. दोन. पडदे ओढलेले होते, खोलीत शेवाळी उजेड होता. तीन. चार. पाच. मागं अजून काही हललं नव्हतं. सहा. अंथरुणावर खसखस झाली. मल्लाप्पाचा हात चादरीवरून सरकत सरकत आला, तिच्या तळव्यापाशी थांबला, आणि तळवा ओलांडून पुढं गेला. त्यानं तिचं मनगट धरलं. नुसती हाडं उरलेली ती बोटं, पण पकड घट्ट होती, त्या बोळातली होती. सात. आठ. अंगणात ती पेटी खाकरली. नऊ. तिनं हात सोडवून घेतला नाही. तो घाबरून धरतो आहे का, की सोबतीला, की हात हलू नये म्हणून, हे विचारायला अजून तीन आकडे शिल्लक होते. दहा. अकरा. तिनं तोंड उघडलं, आणि लाईट आली.